मुहूर्तावर बसवलेली बटणं

माझ्या धाकट्या दिरांना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असा आमच्या घरात समज आहे. तो कुणी पसरवला मला माहीत नाही. मी लग्न होऊन परभणीला आले तेव्हा तो आधीपासूनच घरात नांदत होता. बैठकीत एक कॉम्प्युटर होता, त्यावर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विणलेलं झाकण होतं, आणि त्याला हात लावायचा तर आधी भाऊजींना विचारायचं. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय!

पहिल्यांदा इंटरनेट उघडलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी बिघडलंय. अर्धा पडदा वरून पट्ट्यांनीच भरलेला. एकीखाली एक, एकीखाली एक. प्रत्येक पट्टीत शोधायची वेगळी चौकट, शिवाय कुठे हवामानाचा सूर्य, कुठे क्रिकेटचा स्कोअर, कुठे रोजचं राशिभविष्य. खाली जी फट उरली होती तिच्यातून जग बघायचं.

"एवढ्या पट्ट्या कशाला हो, भाऊजी?"

"टूलबार म्हणतेत त्याला, वहिनी. शोधायला लय सोपं जातंय. अन् फुकट हायेत."

पुढे कळलं की प्रकरण फुकटाच्याही पलीकडचं आहे. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा अशा दिवशी घरात काहीतरी नवं यावं, असा रिवाज. लोक गुंजभर सोनं आणतात, नाहीतर एखादं भांडं आणतात. आमच्या भाऊजींनी त्यावर तोड काढली होती. ते मुहूर्तावर एक टूलबार डाउनलोड करायचे. मुहूर्त साधला जायचा, खिशाला तोशीस नाही, आणि आत्याबाई कौतुकाने काचेला हळदकुंकू लावायच्या. फुकट ते पौष्टिक. आता या रिवाजाला जोडून दुसरा एक नियम आहे: मुहूर्तावर घरात आलेली वस्तू बाहेर काढायची नसते. तिला तडा गेला तरी ती माळ्यावर जाते, पण घरातच राहते. त्यामुळे टूलबार येत गेले आणि एकही कधी गेला नाही.

त्यात शोधायला काय सोपं जात होतं, ते देव जाणे. मी भूगोल शिकवते. जिंतूर तालुक्याचं पर्जन्यमान शोधलं की आधी छत्र्या यायच्या, मग मंगल कार्यालयं, मग पोट कमी करायचा चहा. पर्जन्यमान काही यायचं नाही. भाऊजींना सांगितलं तर ते म्हणायचे, "तुमाला शोधता येईना गेलंय, वहिनी."

नंतर नवऱ्याने माझ्या तासांसाठी लॅपटॉप घेतला. वाटलं, सुटले एकदाची. पण त्याच अक्षय्य तृतीयेला भाऊजी हात धुऊन त्याच्यासमोर बसले. "टूलबारचा जमाना गेला आता. आता एक्स्टेन्शन," असं म्हणत त्यांनी कोपऱ्यात रंगीत बटणांची रांग लावली. एक शोधून देणारं, एक सवलती सांगणारं, एक पंचांगाचं. पंचांगाचं बसवताना पडद्यावर स्पष्ट सूचना आली: हे तुमच्या सर्व वेबसाइटवरची सर्व माहिती वाचू आणि बदलू शकेल. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. "वाचू द्या की," भाऊजी म्हणाले. "आपल्या घरात चोरायला काय ठिवलंय?" परक्या माणसाला ओसरीच्या आत न घेणारं हे घर. त्याने कुठल्या कोण कंपनीला एका बटणासरशी माजघरापर्यंत नेलं, आणि वर कुंकू लावलं.

मी जिंतूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे तास घेतला तर मानधन, कॉलेजला सुट्टी लागली की आपलं तोंड घेऊन घरी बसायचं. रोज एसटीने वाटेतलं झरी गाव मागे टाकत जायचं, कायम असलेल्यांच्या दुप्पट शिकवायचं आणि स्टाफरूममध्ये रिकामी राहील ती खुर्ची घ्यायची. अशी कित्येक वर्षं गेल्यावर आमच्या विषयाची एक कायम जागा निघाली. मला ती जागा हवी होती. जीव तोडून हवी होती. विषयतज्ज्ञ बाहेरगावचे, म्हणून मुलाखत ऑनलाइन ठेवली होती, आणि पाठ घेऊन दाखवायचा होता. मी काळी माती निवडली. आपल्याकडच्या मुलांच्या पायाला लागलेली असते ती, तिच्याबद्दल मला खरंच बोलता येतं.

आदल्या दिवशी मी ती बटणं काढायला बसले. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सणाला आलेली वस्तू काढायलीस? अन् ती बी असल्या कामाच्या तोंडावर?"

"आत्याबाई, ते पंचांगाचं मधेच वाजतं."

"वाजू दे. देवाचंच वाजायलंय ना?"

नवरा पेपरमागून म्हणाला, "राहू दे आता." आमच्या घरात बाईने करायच्या प्रत्येक गोष्टीला हा शेवटचा मंत्र असतो. भांडून मुलाखतीला बसायचं माझ्या मनात नव्हतं. मी लॅपटॉप मिटला.

मुलाखत सुरू झाली तेव्हा बारा वाजायला थोडा अवकाश होता. पडद्यावर तिघं: संस्थेचे अध्यक्ष, आमचे प्राचार्य आणि विषयतज्ज्ञ. पाठ रंगला. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा का पडतात, त्या भेगांत वरची माती पडून रान आपलं आपण कसं नांगरलं जातं, हे सांगताना विषयतज्ज्ञ पुढे सरसावून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "या भागाचा मातीचा नकाशा दाखवता येईल?" मी स्क्रीन शेअर करून शोधलं. भाऊजींच्या बटणाने मध्ये हात घातला आणि सगळ्यांच्या समोर मुलतानी मातीचे लेप आले. गोरं करणारे, डाग घालवणारे. मी ते बंद करते आहे तोवर घड्याळात बारा झाले, आणि शंख फुंकला गेला. त्यामागून एका बाईचा मधाळ आवाज: "राहुकाळ सुरू झाला आहे. शुभ कार्य टाळावे."

विषयतज्ज्ञांना हसू फुटू पाहत होतं. मला वाटलं, हसतील आणि पुढे जातील. पण अध्यक्ष हसले नाहीत.

"म्याडम, राहुकाळ लागला का?"

"सर, लॅपटॉपमध्ये कुणीतरी बसवलंय ते. मशीन बोलतंय."

"मशीन असलं म्हणून काय झालं? पंचांगात हाय तेच सांगायलंय ना?"

आमच्या प्राचार्यांची डॉक्टरेट पदार्थविज्ञानातली. त्यांनी लगेच मोबाइल काढून पाहिलं आणि मान डोलावली. "बुधवार हाय, साहेब. बाराला लागतोय. बरोबर हाय." विषयतज्ज्ञांनी पाण्याचा पेला उचलला. हे विद्वान अशा वेळी नेहमी पाणी पितात.

थांबू या थोडं, असं ठरलं. पण थांबायच्या आधी अध्यक्षांना ते बटण हवं होतं. "कसं घ्यायचं हे? आमच्या ऑफिसात बी लावून टाकू." मग मी माझ्या मुलाखतीत, माझ्या वेळात, कोपऱ्यात कुठे दाबायचं, काय लिहून शोधायचं, कशाला हो म्हणायचं, हे निवड समितीला शिकवलं. प्राचार्यांचं चुकलं, म्हणून परत शिकवलं. त्या दिवशी माझं जे पूर्ण ऐकून घेतलं गेलं ते एवढंच. राहुकाळाच्या नावाखाली त्यांची जेवणं झाली. परत आल्यावर अध्यक्ष म्हणाले, "तुमचं तर झालंच की, म्याडम. पुढच्यांना जोडा." जागा दुसऱ्याला गेली. ते गृहस्थ वाईट शिकवतात असं मी म्हणणार नाही. ते शिकवतच नाहीत.

निकाल घरी कळला तेव्हा भाऊजी सोफ्यावर पाय घेऊन बसले होते. "काही बी म्हणा वहिनी, माझ्या बटणानं खुद्द अध्यक्षांचं लक्ष वेधलं." आत्याबाई म्हणाल्या, "राहूत मिळालेली नोकरी टिकतच नसती, बरं झालं." मी उठले. सगळ्यांसमोर, भर दुपारी, एकेक बटण काढत गेले. कुणाचं काही ऐकलं नाही. पंचांगाचं निघताना पडद्यावर एक चौकट आली: आमचं काय चुकलं, सांगाल का? मुलाखत कशी झाली, तुला काय वाटलं, हे त्या घरात एकानेही विचारलं नव्हतं. विचारलं ते चोरून माहिती वाचणाऱ्या त्या बटणाने. मी चौकट बंद केली आणि स्वयंपाकघरात न जाता गच्चीवर जाऊन रडले.

आता नवं सत्र सुरू झालं आहे आणि मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. कॉलेजच्या ऑफिसात रोज शंख वाजतो. कायम असलेल्या मंडळींनी प्राचार्यांकडे तक्रार केली की राहुकाळात नवा धडा सुरू करणं बरं दिसत नाही. प्राचार्यांनी तातडीने वेळापत्रक बदललं. दर वारी राहुकाळ वेगळा, त्याप्रमाणे बाकीच्यांचे तास सरकवले, आणि राहुकाळातले सगळे तास माझ्या नावावर टाकले. शनिवारी सकाळी त्यासाठी पहिली एसटी पकडावी लागते, मंगळवारी घरी पोचायला दिवेलागण होते. मी प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, सर, हे सगळे माझ्याकडेच का?

ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "म्याडम, तुमी तर हे काही मानत न्हाईत. मग तुमाला काय फरक पडायलाय?"

फरक पडत होता. पण तो प्राचार्यांना तोंडावर सांगायला नोकरी कायम असावी लागते.