तुझ्या जागी मी उभा आहे

भूतखेत, करणी, अंगात येणं या सगळ्यावर मी आयुष्यभर हसत आलो. देवळात जातो तोही बायको ओढून नेते म्हणून. कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होतो, त्यामुळे डोळ्यांना दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही, असा माझा खाक्या. तेव्हा खालची हकीगत वाचून कुणी 'म्हातारा चळला' म्हणालं तर माझी हरकत नाही. आधी पूर्ण वाचा, मग काय म्हणायचं ते म्हणा.

साल छप्पन्नच्या आसपास. मुलुंड पश्चिमेला, स्टेशनापासून डोंगराच्या दिशेने दहा-बारा मिनिटं चाललं की आमची बैठी चाळ. मंगलोरी कौलं, आठ खोल्या, पुढे सामाईक ओटा, मागे विहीर. त्याच्यापलीकडे तेव्हा भातखाचरं होती आणि मग डोंगरच. पहिल्या खोलीत दत्ताराम, पाचव्या खोलीत मी. आम्ही दोघं सावंतवाडीकडच्या एकाच गावचे आणि एकाच इयत्तेत नापास झालेले. पुढे तो पलटणीत गेला, मी मुंबईला आलो. लढाईत ब्रह्मदेशाच्या जंगलात जवळच तोफगोळा फुटून त्याचा डावा कान गेला. हवालदार होऊन परतला तो थेट माझ्याच चाळीत बिऱ्हाड करून राहिला आणि इथल्या शाळेत ड्रिल मास्तर म्हणून लागला.

सगळा परिसर त्याला 'हवालदार' म्हणे. कुणाकडे लग्न असो की मयत, हा सगळ्यांच्या आधी तिथे. घरी बायको पार्वती, आठ वर्षांची मुलगी शालू आणि दृष्टी गेलेली आई. आईला पेज भरवल्याशिवाय हा स्वतः जेवायला बसत नसे. त्याची एक गंमत होती. कुणीही हाक मारली की 'काय' नाही, 'ओ' नाही, एकदम "हजर!" शालूने मारली तरी तेच. पोरगी मुद्दाम दिवसातून दहा वेळा 'दत्ताराम' म्हणून हाक मारायची आणि हा दहा वेळा टाचा जुळवायचा.

दसऱ्याच्या आधी आठवडाभर, सकाळच्या वेळी, शाळेच्या मैदानावर मुलांना 'सावधान' म्हणाला आणि तसाच कोसळला. डॉक्टर पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी रडलो नाही. रडायला वेळच नव्हता, धावपळ करणारा नेहमीचा माणूसच गेला होता, मग ती मी केली.

दहावा ठाण्याच्या खाडीकाठी केला. मुलगा नव्हता म्हणून गावाहून आलेल्या चुलतभावाने पिंड ठेवले. पाऊण तास झाला तरी कावळा शिवेना. झाडावर ढिगाने बसले होते, पण एक खाली उतरायला तयार नाही. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, असं आपल्यात म्हणतात, आणि मग एकेकाने पुढे होऊन वचन द्यायचं असतं. चुलतभाऊ म्हणाला, "दत्ता, काकीला आम्ही सांभाळू." काही नाही. शाळेचे एक मास्तर म्हणाले, "मुलीला शिकवू." तरी नाही. ऊन मी म्हणत होतं. मला त्या सगळ्या प्रकाराचाच राग आला. एवढा राबलेला माणूस, त्याला आता तरी मोकळा सोडा ना... मी पुढे झालो आणि जरा चिडूनच म्हणालो, "दत्ता, पुरे रे आता. तुझ्या जागी मी उभा आहे. तू जा."

वाक्य संपायच्या आत कावळे खाली उतरले. एक नाही, चार-पाच. लोक म्हणाले, शेवटी दोस्त तो दोस्त. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला.

चार दिवसांनी बायको म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला? अंथरूण चक्क घडी करून ठेवलंत." जाऊन पाहिलं तर गोधडी, चादर, घोंगडी सगळं कडेला कड जुळवून चौकोनी रचलेलं, अगदी विटेसारखं. मी जन्मात कधी अंथरुणाची घडी घातलेली नाही. मालतीला म्हटलं, "तूच घातली असशील." ती म्हणाली, "मी विहिरीवर होते." दोघंही हसलो आणि विसरून गेलो.

मग कानाचं झालं. स्टोअरमध्ये फोरमन माझ्या डाव्या बाजूला उभा राहून बोलत होता. त्याचे ओठ हलत होते, आवाज मात्र नाही. सर्दी असेल म्हणून दोन दिवस काढले आणि मग डॉक्टरकडे गेलो. त्याने बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, कान स्वच्छ आहे, पडदा उत्तम आहे. "मग ऐकू का येत नाही?" म्हटलं. तो म्हणाला, "तेच मी तुम्हाला विचारणार होतो." कान कोणता, ते मी घरी सांगितलं नाही.

दत्ताच्या आईला दिसत नसे, पण पावलांवरून ती माणूस ओळखायची. कधी चुकली नाही. एका संध्याकाळी मी ओट्यावर पाय ठेवला आणि ती म्हणाली, "दत्तू, इलंस?"

"आये, मी अनंत."

हात पुढे करून तिने माझा चेहरा चाचपला आणि हात झटकन मागे घेतला. "चाल त्याची आसा," ती म्हणाली. "माका फसवू नको."

त्यानंतरच्या रविवारी जे झालं ते लिहायला आजही हात रेंगाळतो. मी दुपारी त्यांच्याकडे रेशनचं सामान पोचवायला गेलो होतो. पार्वती वहिनी चहा टाकायला आत वळल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "पारू, साखर कमी घाल."

पारू! हे नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. मी त्यांना वहिनी म्हणायचो, त्या मला भावजी. त्या दारात आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं? ते चारचौघांत कधी म्हणत नसत... आईंसमोरसुद्धा नाही."

मी चहा न घेता निघालो. भूत दिसलं असतं तर परवडलं असतं, इतका मी घाबरलो होतो. आठ खोल्यांची चाळ, मधल्या भिंती पातळ, घरात तरणी विधवा. ते एक नाव शेजारच्या खोलीत गेलं असतं तर तिला तिथे राहणं मुश्किल झालं असतं, आणि माझा संसार तर उठलाच असता. माझ्या जिभेवर माझा ताबा नव्हता. आज जीभ घसरली, उद्या पाय आपोआप पहिल्या खोलीत शिरले तर? मी त्यांच्याकडे जाणंच बंद केलं. ओट्यावरूनही जायचो नाही, विहिरीकडून वळसा घालून यायचो.

मग पाडवा आला. दत्ता गेल्यामुळे आमच्याकडेही यंदा फराळ नव्हता, पण पाडव्याचं ओवाळणं चुकवायचं नाही असा मालतीचा हट्ट. सकाळचे नऊ वाजले असतील. मी खिडकीशी आरसा टेकवून दाढी करत होतो. तिने हाक मारली, "अहो." उजव्या कानाने मला ती स्पष्ट ऐकू आली, हे आधी लक्षात घ्या. पण ती हाक माझ्यासाठी आहे असं वाटलंच नाही. शेजारी कुणाला तरी बोलावतेय, असं वाटलं. तिने परत हाक मारली, मग तिसऱ्यांदा. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. सोळा वर्षांत तिने कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं. म्हणाली, "अनंत."

आणि माझ्या मनात काय यावं? अरे वा, अनंता आलाय वाटतं... बरं झालं, बऱ्याच दिवसांत गाठ नाही.

मग तिने अगदी बारीक आवाजात म्हटलं, "दत्ताराम."

"हजर!"

मी टाचा जुळवून ताठ उभा होतो. गालावर वस्तरा लागून रक्त येत होतं. आरशात तोंड माझंच होतं. मागे मालती हातात तबक घेऊन भिंतीला टेकली होती.

ती रडत बसली नाही. तबक खाली ठेवलं, माझं मनगट धरलं आणि मला सरळ पहिल्या खोलीत नेलं. म्हातारीला आणि वहिनींना सगळं सांगितलं, अगदी कानापासून. पारूचं मी स्वतः सांगितलं, मान खाली घालून. म्हातारीने एकच विचारलं, "पिंडाकडे काय बोललंस?" मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"तुझ्या माणसांका बघीन असा म्हणूचा, रे खुळ्या," ती म्हणाली. "जागा कोण मागता?"

वहिनींनी तोंडावर हात ठेवला होता. म्हणाल्या, "भावजी, ते सांगायचे... पहाऱ्यावरचा शिपाई कितीही दमला तरी जागा सोडत नाही. बदलीचा माणूस येतो आणि 'तुझ्या जागी मी उभा आहे' म्हणतो, तेव्हाच सोडतो. मग जे असेल ते सगळं त्याच्या ताब्यात देऊन जातो. स्वतःजवळ काही ठेवत नाही."

म्हणजे दत्ता मला छळत नव्हता. तो शिस्तीने ड्यूटी सोपवून गेला होता. कान, चाल, नाव, बायको... सगळं. छळणाऱ्याला हातापाया पडून थांबवता येतं. हा तर निघून गेला होता, परत घे म्हणून सांगायचं कुणाला?

म्हातारी म्हणाली, "उद्या भाऊबीज. पार्वतीक भाव नाय. ती जागा रिकामी आसा. ह्याका थंय बसव."

वहिनी म्हणाल्या, "आई, यंदा आपल्याकडे सण नाही. आणि मी ओवाळू? मी कुंकवाला हात लावू?"

"लाव. मी सांगतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालतीने स्वतः त्यांच्या खोलीत पाट मांडला आणि भोवती रांगोळी काढली. म्हातारीने दार उघडं ठेवायला सांगितलं. "सगळ्यांका दिसांदेत." चाळीतल्या बायका ओट्यावर येऊन कुजबुजत उभ्या राहिल्या. विधवा ओवाळतेय, तेही घरात दुखवटा असताना, म्हणजे बोलायला विषय मिळालाच. वहिनींच्या बोटावरचं कुंकू माझ्या कपाळापर्यंत येताना निम्मं सांडलं. 'दादा' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. तिसऱ्या खेपेला निघाला. "दादा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी निरांजन ओवाळलं.

तेव्हा माझ्या डाव्या कानात, दोन आठवड्यांत पहिल्यांदा, आवाज आला. अगदी लगत, कुणीतरी मांडी मोडून उठावं तसा. मग एक लांब श्वास. मान वळवायची माझी छाती झाली नाही. मालतीने काही ऐकलं नाही, वहिनींनीही नाही. म्हातारीने मात्र तोंड दाराकडे फिरवलं आणि ती म्हणाली, "गेलो तो." त्या पाटावर बसून मी लहान पोरासारखा रडलो.

कान बरा झाला तो आजतागायत. अंथरुणाची घडी परत मालतीकडे गेली. डॉक्टर म्हणतील, दोस्त गेल्याचा धक्का, मनाचे खेळ. असतील. मला स्वतःलाही तेच पटवून घ्यायला आवडलं असतं. पण एक गोष्ट कशातच बसत नाही.

शालूच्या लग्नात आंतरपाटाआड तिच्या मागे मामा म्हणून मीच उभा होतो. भटजी कुणाची तरी वाट बघत थांबले होते. तेवढ्यात तिने मान न वळवता हळूच विचारलं, "मामा, बाबांचा आवाज कसा होता हो? मला काही केल्या आठवत नाही. तुम्ही तर लहानपणापासून ऐकला."

तो मलाही आठवत नाही, हे त्या भाऊबीजेपासूनच कळून चुकलं होतं, फक्त मी कुणाला बोललो नव्हतो. दत्ताचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. भांडणं आठवतात, शिव्या आठवतात. तोंड हलताना दिसतं. आवाज येत नाही. जन्मभर ऐकलेला आवाज, एकाही शब्दाचा उरलेला नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

पोरगी उत्तरासाठी थांबली होती. मी म्हटलं, "अगदी तुझ्यासारखा गं." ती हसली. तिला ते खरं वाटलं, आणि मग मंगलाष्टकं सुरू झाली.