रामेश्वराचं मावंदं

मी अंदमानला गेले होते, रामेश्वरला नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत आजही उलटंच मानतात.

सेलूच्या शाळेत वीस वर्षं मी फळ्यावर बेट काढून दाखवलं. चारी बाजूंनी पाणी, मधे जमीन. समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता. एकट्यानं फिरणाऱ्या बायकांच्या चार दिवसांच्या सहलीत मी नाव नोंदवलं, तेव्हा नवरा म्हणाला, "जा ना, मी काऊन अडवू?" मला वाटलं, भला माणूस. भला कसला!

पहिल्या दिवशी गुडघाभर पाण्यातच मी ओरडले. तिसऱ्या दिवशी पाठीवर तरंगायला शिकले. कान पाण्याखाली, वर नुसतं आभाळ, आणि किल्ली कुठे ठेवली हे विचारायला कुणी नाही. घरी गेल्यावर काय काय सांगायचं, ते मी मनात जमवत होते.

परत आले तर दारात मांडव. सासूबाई परात आणि तांब्या घेऊन उभ्या. तीर्थयात्रेहून आलेल्याचे पाय धुवायचे आणि मावंद्याचं जेवण घालायचं, ही आमच्याकडची रीत. मी तोंड उघडायच्या आत माझे पाय परातीत गेले. शेजारच्या सत्तरीतल्या काकू वाकून पाया पडल्या. "रामेश्वर घडलं बाई तुले!"

नवरा पंगतीत वाढत होता. त्याला मी बाजूला ओढलं.

"हे काय चाललंय?"

"आईनं सांगून टाकलं लोकायले. सून एकटी समुद्रावर गेली म्हटलं तं लोकं काय म्हणतीन?"

"आणि तुम्ही?"

"मी काऊन मधात बोलू? तुले जाऊ तं देलं ना!"

जाऊ दिलं म्हणे! सुटी माझी, तिकीट माझं, आणि मला न विचारता माझे चार दिवस देवाला वाहून मोकळे झाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी पंगतीसमोर उभी राहिले. "मी रामेश्वरले गेलीच नाई. अंदमानले गेलती, पोहाले!"

घास घेता घेता सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाई म्हणाल्या, "थकली बिचारी. वाढा रे, कढी वाढा."

आणि लोक जेवू लागले. एकानंही विचारलं नाही.

मी बॅग उघडली. पोहायचा ओला ड्रेस काढला आणि मांडवालगतच्या तारेवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाळत घातला. त्यातली वाळू खाली गळत राहिली. सगळे माना खाली घालून जेवत होते.

शेवटच्या पंगतीत काकू माझ्या शेजारी बसल्या. हळूच म्हणाल्या, "पुढच्या येळी मलेही नेजो. मीबी घरी रामेश्वरच सांगीन."

सासूबाईंवर आला नव्हता इतका राग मला त्या वाक्याचा आला. सत्तर वर्षांची बाई, आणि तिलाही समुद्र चोरूनच पाहिजे!

"नेईन ना काकू," मी मोठ्यानं म्हटलं. "पण घरी अंदमानच सांगा लागन."

काकूंनी तारेवरच्या ड्रेसकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, आणि मान खाली घालून पुढचा घास घेतला.