वर गेलेला हात

जबलपूरच्या आमच्या शूटिंग रेंजवर दर रविवारी एक काका यायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. डिफेन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले आणि घरी मराठी बोलणारे, एवढंच माहीत होतं.

गोळ्या झाडून झाल्या की आम्ही बाकीचे टार्गेटचा कागद बघायला अधीर व्हायचो. काका मात्र तिकडे ढुंकूनही न बघता आपलं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल पुसत बसायचे.

“काहून बघत नाही, काका?” मी एकदा विचारलं.

“निशाणा तर हाताचा असते बेटा. आज लागला, उद्या चुकला. मी फक्त मशीन दगा देते का, तेच बघून राहिलो.”

पिस्तूल अडकलं तर नळी समोरच ठेवायची, दुसरा हात वर करायचा आणि कोच येईपर्यंत थांबायचं, असा रेंजचा नियम. आमचे हात सारखे वर जायचे. काकांचा कधीच नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

गेल्या थंडीत एका सकाळी त्यांचा डावा हात वर गेला. सगळे थांबले. कोचनं त्यांच्या हातातलं पिस्तूल घेतलं, तपासलं, एक गोळी झाडून पाहिली.

“काकाजी, ये तो एकदम ठीक है.”

“हां, वो ठीक है,” काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाले, “बोटच दाबून नाही राहिलं.”

कोच पुन्हा पिस्तूलच उलटसुलट करून बघू लागला. नियम पिस्तुलापुरताच होता. काकांचा हात अजून वरच होता.