वास दाव, मग बाळ घे

आमच्या घरात औषधाच्या गोळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असायच्या. आमच्या म्हणतेय, पण घर काका-काकींचं. मी जालन्याकडची. सातवीत शाळा सुटली, शिलाई शिकले आणि इतक्या लांब महाडला गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात कामाला लागले. पोलादपूरच्या रस्त्याला काका-काकींची पडवीलगतची खोली भाड्यानं मिळाली. पहिल्याच आठवड्यात काकी म्हणाल्या, "एकटीसाठी कसला गॅस पेटवतेस गो? ये हितं जेवायला." तेव्हापासून माझं ताट त्यांच्यातच.

तर तो डबा. त्यांचा मुंबईला असलेला मुलगा गावी आला की उरल्यासुरल्या गोळ्यांची पाकिटं आणायचा. एकाचं पोट बिघडलं की काका डबा उघडत आणि आता सगळ्यांचंच बिघडणार म्हणून फणसाचे गरे वाटावेत तशा गोळ्या वाटत. कुणाला अर्धी, कुणाला पाव. बरं वाटलं की डबा बंद. मला न मागता मिळायची. घरच्यांत धरलं म्हणून त्या कडू तुकड्याचंही मला कोण अप्रूप!

यंदा काकींना लघवीला जळजळ सुरू झाली, ताप चढला. डब्यातलं काहीच लागू पडेना. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला पाठवली आणि रिपोर्ट बघून म्हणाल्या, "ह्या जंतूंना तुमच्या डब्यातली औषधं पाठ झालीत." इंजेक्शनं सुरू झाली, काकी उठून बसल्या. मग बाईंनी समजावलं. हे जंतू आतड्यात राहतात, तिथे बहुतेकांना त्रास देत नाहीत, पण हातांवरून घरभर फिरतात. एका घरात जेवणाऱ्या सगळ्यांच्या पोटात असू शकतात. "तुमची लेक आता बाळ घेऊन येईल. अशक्त आहे ते. हात धुतल्याशिवाय कुणी शिवू नका."

घरातल्या भाकऱ्या मी थापायची. माणूस कमी करायचं झालं तर आधी भाडेकरूच ना? इतक्या चांगल्या माणसांवर 'जा' म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून मीच बॅग भरून ठेवली.

इकडे काकांच्या अंगात संचारलं होतं. मोरीत साबण, संडासाबाहेर साबण, चुलीपाशी साबण. डब्यातल्या गोळ्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, डब्यातही साबण. हंड्यात बोटं बुडवून पेला भरायला बंदी. लांब दांड्याचं ओगराळं टांगलं. आणि साबण लावलाय की नुसतं पाणी, हे कळायला काका येईल त्याचे हात हुंगत.

"दाव वास!"

शेजारची म्हातारी भडकली, "मेल्या, हुंगतोस काय? मी काय मासळी हाय?"

"मासळी असतीस तर धुऊन तरी आली असतीस!"

बाळ यायच्या दिवशी काकींना माझी बॅग दिसली. "कुठं निघालीस गो?"

"जंतू..." एवढंच म्हटलं आणि मला रडू फुटलं.

"अवो, ऐकलंत?" काकींनी काकांना हाक मारली. "हिच्या पोटात आपले जंतू हायत, म्हणून ही चालली!"

"आमच्या घरचे जंतू घेऊन जालन्याला?" काका दारात उभे. "न विचारता?"

"माझ्या पोटात हायत, ह्यांच्या पोटात हायत," काकी म्हणाल्या. "मग आमी दोघांनी कुठं जायचं? वीर स्टेशनला जाऊन गाडीत बसू? बाई हात धू म्हणाली. घर सोड नाय म्हणाली."

रडता रडता मला हसू फुटलं, ते आवरेचना. काकींनी बॅग खाटेवर उपडी केली. तळातून झबली निघाली. दुकानातल्या उरलेल्या गणवेशाच्या सुती तुकड्यांची, निळ्या चौकड्यांची. बाळासाठी मीच शिवलेली, जाताना मागे ठेवणार होते.

ती लगेच धुऊन वाळत पडली. दुपारी काकींची लेक, ताई, बाळ घेऊन रिक्षातून उतरली आणि वाळलेलं झबलं बाळाच्या अंगात गेलं. मी कोपरापर्यंत हात धुतले, भीती वाटली म्हणून पुन्हा धुतले. काकांनी हुंगले, मान डोलावली, आणि चौकड्यांच्या झबल्यातलं ते एवढंसं गाठोडं माझ्या हातांत आलं.

"बघा," काका ओरडले, "हिची शाळा सुटली, आनि हिनं पोराला जन्मल्या जन्मल्या शाळेत घातला!"

मी इतकी खिदळले की बाळ दचकून रडायला लागलं. ताई माझ्यावर खेकसली. आतून काकींचा आवाज आला, "दे गो तिच्याकडं. हात धू आनि ये, तवा तापलाय. भाकऱ्या कोण थापणार?"