दुकानापुढं थांबणारा बैल

"म्या सोडली, पन या बैलानं नाई सोडली अजून!"

तिवस्याच्या बाजारातून परतणारा भाजीवाला शेजारच्या गाडीवानाला सांगत होता. त्याचा बैल सवयीनं दारूच्या दुकानापुढं थांबला होता. हसतच तो खाली उतरला, कासरा धरून बैलाला पुढं नेलं आणि मारुतीच्या पारापाशी गाडी सोडली.

दारू सोडलेली सहा-सात माणसं दर बाजाराला तिथं बसत. दुकान बंद होईपर्यंत कुणी उठायचं नाही, एवढाच त्यांचा नियम.

त्या भाजीवाल्याकडून मी वांगी घेत असे. प्रत्येक वांगं तो धोतराला पुसून द्यायचा. पुढच्या बाजारी मी विचारलं, "पारावर बसून काय करता?"

"आठवडा कसा गेला थे सांगतो, माय. म्या दोनदा एकट्यानं सोडून पायली. बाजाराच्या दिवशी एकट्याचे पाय तिकडंच वळते."

आमच्या घरी बाबांच्या पिण्याला 'तब्येत' म्हणत. ते तहसील कचेरीत हेडक्लार्क होते. मिशनच्या शाळेतल्या मैत्रिणींनाही मी कधी खरं सांगितलं नव्हतं. वांगी पिशवीत पडली तरी मी तिथंच उभी होते.

"अजून काई पायजे?" त्यानं विचारलं.

"काका, आमचे बाबा पितात. तुमच्यात बसू द्याल त्यांना?"