डायरीतला लाल शेरा

"ए मावशी, इथे जरा पटकन पुसून घे ना. मुलं पाय देतील."

दुसरीचा वर्ग. पहिल्या बाकापाशी एका मुलाने उलटी केली होती. बाकीची मुलं नाक दाबून मागे सरकली होती. मी दारात उभी होते. मागे कोणी मावशी असेल म्हणून मी वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. भिंतीला टेकवलेला मॉप होता आणि बादली होती.

मिस माझ्याकडेच बघत होत्या.

मी मोरपंखी साडी नेसले होते. बहिणीच्या लग्नातली, दुसऱ्यांदाच नेसलेली. खांद्याला पर्स. गळ्यात शाळेनेच दिलेलं पालकांचं ओळखपत्र. माझ्या बाजूला अजून दोघी उभ्या होत्या, त्याच वर्गातल्या मुलांच्या मम्मी, त्यांना न्यायला आलेल्या. एक जिमच्या कपड्यांत, दुसरी घरातल्या टीशर्टमध्ये. दोघींच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं. त्यांना कोणी मावशी म्हटलं नाही.

आणि मी मॉप उचलला.

हे सांगायला जड जातं. मिसनी सांगितलं हा त्यांचा गुन्हा. पण हात माझे गेले. परळच्या एका हॉस्पिटलात मी वॉर्डात मावशी आहे, कंत्राटावर. अकरा वर्षं झाली. रक्त, लघवी, उलटी, सगळं पुसलंय. "मावशी" म्हटलं की माझे हात डोक्याच्या आधी चालतात. आधी कोरडं फडकं, मग फिनेल, मग साधं पाणी. त्या वर्गातही मी तसंच पुसलं. पदर खोचून. डाग ठेवला नाही.

पुसताना मान वर केली. दुसऱ्या रांगेत खिडकीपाशी माझी मुलगी बसली होती. मिताली. तिने माझ्याकडे बघितलं. मग पुस्तक उघडलं आणि त्यात डोकं घातलं.

बादली मुलींच्या बाथरूममध्ये ओतली. हात धुतले. पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. वर्गात परत जायचं होतं, आले होते तेवढ्याचसाठी. पाय उचलेना. मागच्या जिन्याने उतरले आणि चालत नायगावला घरी आले.

लादी पुसायची मला लाज नाही. ते माझं काम आहे, त्याचा पगार घेते. पण त्या दिवशी मी कामावर नव्हते. सुट्टी टाकून गेले होते. गोष्ट सांगायला.

शाळा जुन्या गिरणीच्या जागेवर आहे, टॉवरच्या पायथ्याशी. इंग्रजी मीडियम. गरिबांसाठी राखून ठेवलेल्या जागांच्या सोडतीत मितालीचा नंबर लागला. पहिल्याच दिवशी ऑफिसमधून एक नियमपुस्तिका हातात दिली. चोवीस पानं, सगळी इंग्रजीत. मी दहावी पास, मराठी शाळेतली. एकेक शब्द मोबाइलवर शोधून पूर्ण वाचली. गेट किती वाजता बंद होतं. केसांना कुठल्या रंगाची रिबीन. डब्यात काय चालतं, काय चालत नाही. वाढदिवसाला केक नको, वर्गाला एक पुस्तक द्या. डायरीत लाल शेरा आला तर दुसऱ्या दिवशी पालकांची सही पाहिजे, नाहीतर सही होईपर्यंत मुलाचा रोज एक स्टार कापणार. मी सगळं पाळलं. बोंबील फक्त रविवारी केले, म्हणजे पोरीच्या डब्याला वास नको. टॉवरमधली मुलं लेट येतात, त्यांना गेट उघडतं. मिताली एक दिवस लेट गेली नाही. तिच्या डायरीत एक लाल शेरा नव्हता.

एक नियम मला मनापासून आवडला होता. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला एका मुलाच्या आईने किंवा वडिलांनी येऊन वर्गाला गोष्ट सांगायची. आपल्या घरच्या भाषेत सांगितली तरी चालेल, असं छापलेलं होतं. मी वाट बघत होते. दुसरीत माझी पाळी आली. माझी आई चिपळूणची. लहानपणी ती आम्हाला खाडीतल्या खेकड्यांची एक गोष्ट सांगायची, तीच ठरवली. मितालीला समोर बसवून आठ दिवस सराव केला. "मम्मी, इथे थांब, म्हणजे मुलं विचारतील पुढे काय झालं," असं तीच मला शिकवायची.

त्या संध्याकाळी मिताली घरी आली. बूट काढून नीट ठेवले. माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, तू टेन्शन घेऊ नको. तू माझी मम्मी आहेस असं मी कोणाला सांगितलं नाही."

सात वर्षांची मुलगी. तिला वाटत होतं, ती मला वाचवतेय.

मग तिने डायरी पुढे केली. लाल शाईत इंग्रजीत लिहिलं होतं. गोष्टीच्या तासाला पालक गैरहजर. पुढे काळजी घ्यावी. सही करावी.

मी गैरहजर. ज्या वर्गाची लादी मी पुसली, त्या वर्गात मी गैरहजर.

तोपर्यंत मला सारखं रडू येत होतं. तो शेरा वाचला आणि रडू थांबलं.

खाली स्टेशनरीच्या दुकानात गेले. लाल पेन घेतलं. मिसच्या शेऱ्याखाली मराठीत लिहिलं, सुवाच्य अक्षरात:

"पालक वेळेवर हजर होते. वर्गशिक्षिकेने नाव न विचारता पालकाला उलटी पुसायला लावली. पुढे काळजी घ्यावी. वर्गशिक्षिकेने सही करावी."

मितालीचे पप्पा माझगावला डॉकमध्ये कामाला आहेत, तेही कंत्राटावरच. सात वाजता आले. डायरी वाचली.

"फाड ते पान."

"नाही फाडणार."

"अगं, पोरीला काढतील शाळेतून."

"काढून दाखवू दे."

"आपण कोण, ते कोण, जरा बघ."

"तेच विचारायचंय त्यांना," मी म्हटलं.

सोमवारी डायरी गेली. मंगळवारी ऑफिसमधून फोन आला. बुधवारी मी प्रिन्सिपल बाईंच्या केबिनमध्ये बसले होते. मिस पण होत्या. मिस आपल्याच, मराठी, दादरच्या. वर्गात दिवसभर इंग्रजी बोलतात. मराठी वॉचमनशी, मावशींशी. आणि त्या दिवशी माझ्याशी.

"आय अॅम रिअली सॉरी हं," मिस म्हणाल्या. "पण तुम्ही बोलायचं ना. मला कसं कळणार तुम्ही पेरेंट आहात?"

"बाजूला दोघी उभ्या होत्या. त्या पण बोलल्या नव्हत्या. त्यांचं कसं कळलं?"

मिसनी प्रिन्सिपल बाईंकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माझ्या मनात तसं काही नव्हतं, प्लीज. मी तर घरीसुद्धा तुमच्यासारख्या मावशींना कधी वाईट बोलत नाही."

आपण काय बोललो ते त्यांना कळलं. प्रिन्सिपल बाईंना पण कळलं. त्या घाईने मध्ये पडल्या. "देखिए, बात बढ़ाने से क्या फायदा? बच्ची का सोचिए." आणि एक कागद पुढे सरकवला. गैरसमज झाला होता, तो मिटला, माझी काही तक्रार नाही, असं त्यावर टाइप केलेलं होतं. खाली माझ्या सहीसाठी रेघ.

मी पर्समधून नियमपुस्तिका काढली. नववं पान. एका मुलाने दुसऱ्या मुलाला दुखावलं तर त्याने सकाळच्या तासाला पूर्ण वर्गासमोर माफी मागायची, म्हणजे सगळ्यांनाच शिकायला मिळतं. मी बोट ठेवून वाचलं.

"दॅट इज फॉर चिल्ड्रन," प्रिन्सिपल बाई म्हणाल्या.

"मग मोठ्यांसाठी कुठलं पान आहे?"

त्यांनी तो कागद अजून पुढे सरकवला. मी सही केली नाही. उठले आणि ड्युटीवर गेले.

त्यांनीही नियम सोडला नाही. डायरीत माझी सही नाही म्हणून मितालीचा रोज एक स्टार कापला. भिंतीवरच्या तक्त्यावर तिचं नाव सगळ्यात खाली आलं. पोरगी घरी येऊन रडायची. "मम्मी, कर ना सही. नुसती सही तर करायचीय." मी केली नाही. बदला माझा होता आणि किंमत ती देत होती. हे मला तेव्हाही दिसत होतं. तरी केली नाही. तेव्हा सही केली असती, तर ही माझी आई नाही म्हणून सांगायची तिला सवय लागली असती.

त्या दिवसांत माझ्या मनात काय काय आलं ते लपवत नाही. वॉर्डात लादी पुसताना मला मिसचा चेहरा दिसायचा. त्यांची नोकरी जावी असं वाटायचं. त्यांच्या मुलाच्या वर्गात, त्याच्या डोळ्यांसमोर कोणीतरी त्यांना "ए मावशी" म्हणून हाक मारावी असं वाटायचं. मला न्याय वगैरे नको होता. त्यांना लागावं असं वाटत होतं. मला लागलं तिथेच.

एका दुपारी गेटबाहेर रेश्मा भेटली. तिचा मुलगा मितालीच्याच वर्गात, सोडतीतूनच आलेला. नवरा टॉवरमधल्या एका शेठकडे ड्रायव्हर. शेठची मुलं त्याच शाळेत.

"तू डायरीत लिहिलंस ते खरंय?" तिने विचारलं.

"खरंय."

ती रस्त्याकडे बघत बोलली. "गॅदरिंगला मला हॉलमध्ये बसूच दिलं नाही गं. बाहेर पाण्याच्या बाटल्या वाटायला उभी केली. पोराने महिनाभर डान्स बसवला होता. मी बघितलाच नाही."

"मीटिंगला बोलशील?"

"ह्यांची नोकरी जाईल."

मी विषय सोडला. तिला भरीस घालायचा हक्क मला नव्हता.

सहामाहीनंतर पालकांची मीटिंग झाली. मोठा हॉल, पडद्यावर पुढच्या सत्राचे नियम. शेवटी प्रिन्सिपल बाईंनी विचारलं, कोणाला काही प्रश्न. मी उठले. माइक दिला नाही कोणी. मला लागतही नाही. चाळीत वाढलेय, आवाज आहे. डायरी उघडली आणि दोन्ही शेरे वाचले. आधी त्यांचा, मग माझा. मग नववं पान.

हॉलमध्ये कुजबुज. मागून कोणीतरी म्हटलं, "प्लीज, हे पर्सनल आहे." ती जिमवाली बाई तिसऱ्या रांगेत दिसली. मी सरळ तिलाच विचारलं, "मॅडम, तुम्ही दारात माझ्या बाजूला होतात. मी खोटं बोलतेय का?"

तिने मोबाइल खाली ठेवला. "नाही. खरं आहे ते. मला तेव्हाच कळलं होतं."

"तेव्हाच कळलं होतं? मग बोलला का नाहीत?"

तिने मोबाइल पुन्हा हातात घेतला.

आणि मागच्या दाराजवळ रेश्मा उभी राहिली. तिने पाण्याच्या बाटल्यांचं सगळं सांगितलं. शेठची बायको दोन खुर्च्या सोडून बसली होती. तिच्या देखत सांगितलं.

पुढच्या सोमवारी सकाळच्या तासाला मला वर्गात बोलावलं. मिस फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि भराभर इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. मी त्यांना थांबवलं.

"मराठीत सांगा. त्या दिवशी मला मराठीत सांगितलं होतं."

मिसच्या मानेपर्यंत लाली चढली. "मितालीच्या आईंना मी... त्यांचं नाव न विचारता वर्ग पुसायला सांगितला. माझं चुकलं."

एका मुलाने हात वर करून विचारलं, "मिस, मग तुम्हाला पण रेड रिमार्क मिळाला?"

कोणी हसलं नाही. मी डायरी टेबलावर ठेवली. लाल शेऱ्याखाली बोट ठेवलं. मिसनी सही केली. पहिल्या बाकावरची मुलं मान उंचावून बघत होती. मला दया आली नाही. नीट बघू दे त्यांना, असंच वाटलं.

मिताली तेव्हा कुठे बघत होती ते मी बघितलं नाही. मला ते बघायची हिंमत झाली नाही.

झालं एवढंच. यातून कोणाचं मन बदललं असं मला वाटत नाही. वर्गाच्या ग्रुपवर माझ्या मेसेजला कोणी उत्तर देत नाही. मितालीला वाढदिवसाची बोलावणी येत नाहीत. रेश्माच्या नवऱ्याला मीटिंगच्याच आठवड्यात गाडीची चावी ठेवून जायला सांगितलं. कारण दिलं नाही. तो आता टॅक्सी चालवतो. रेश्मा मला दोष देत नाही. मी स्वतःला थोडा देते, त्या शेठला पुष्कळ देते, आणि दोन्ही विसरणार नाही. रेश्मा आणि मी आता दर मीटिंगला जातो. पहिल्या रांगेत बसतो. गेल्या वेळी आमच्या बाजूला अजून दोघी येऊन बसल्या. एक घरकाम करणारी, एक भाजीवाली.

परवा मितालीचे पप्पा म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं? आता बस कर."

मी म्हटलं, "नाही."

आता मी गेटवर गेले की प्रिन्सिपल बाई नाव घेऊन नमस्कार करतात. मिस वाट सोडून बाजूला उभ्या राहतात. मला फरक कळतो. तो आदर नाही, ती भीती आहे. आदर द्यायला त्यांना दोन वर्षं मिळाली होती, त्यांनी दिला नाही. मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. सोडतीच्या कायद्याने मिताली आठवीपर्यंत या शाळेत आहे आणि तोपर्यंत तिला इथून कोणी हलवू शकत नाही. अजून सहा वर्षं. त्या सहा वर्षांत ही भीती मी एका दिवसासाठीही कमी होऊ देणार नाही.