राणीसाठी माहेरची माती

मुंग्या पाळायचं खूळ आमच्या मालकांचं. फौजेतून आल्यावर कोंबड्या झाल्या, मधमाश्या झाल्या, दोन्हींचा बोजवारा उडाला. यंदा पावसाळ्यात त्यांना ओसरीवर मुंगळ्यांची राणी सापडली. काचेच्या नळीत ओल्या कापसाजवळ तिला ठेवलं. दीड महिन्यात तिची नऊ पिल्लं नळीत फिरू लागली. मी नाक मुरडलं होतं, पण त्या दिवसापासून सकाळी चहाआधी नळी बघायला मीच जायची.

आता त्यांना घर पाहिजे होतं. नातवंडांची माशांची काचेची पेटी रिकामी होती. तळाला खडे, त्यावर कोळसा, वाळू, मग माती. विहिरीच्या काठचं शेवाळ, दुर्वा आणि एक नाजूक नेचा मी लावला. लावणीचं काम मला कुणी शिकवायला नको. काठाला तेलाचं बोट फिरवलं, म्हणजे मुंगळे चढून बाहेर येणार नाहीत. माती आमच्या द्राक्षबागेतली, स्वतः चाळून आणलेली. तासगावात अशी माती दुसऱ्या कुणाची नाही, असं मी चारदा म्हटलं असेल.

मालक नळी उघडायला निघाले. मी हात धरला. नव्या जात्यावर पहिली मूठ दळून टाकून देतात, पिठाला दगडाची खर लागते म्हणून. तसं आधी अंगणातल्या चार काळ्या मुंग्या सोडून बघू, म्हटलं. ते कुरकुरले, पण थांबले.

भाकऱ्या होईपर्यंत चारही उताण्या पडल्या होत्या. एकीचा पाय हलत होता.

"औषध," मालक म्हणाले.

द्राक्षांवरच्या पिठ्या ढेकणासाठी गेल्या पंधरवड्यात बागेत ड्रिपमधून औषध सोडलं होतं. कॉक मीच फिरवला होता. तो ढेकूण मुंग्याच पसरवतात, म्हणून मुंग्या मरायलाच ते सोडायचं. आणि त्याच मातीत मी राणीचं घर बांधत होते. अक्कल गहाण पडते ती अशी.

सगळं उपसलं. पेटी तीनदा धुतली, झाडांची मुळं धुतली. दुसऱ्या दिवशी एसटीने कवठे महांकाळला, माहेरी गेले. भावाच्या कोरडवाहू रानात जोंधळ्यावर कुणी काही फवारत नाही. बांधावरच्या बाभळीखालची माती भरताना भाऊ उभा राहून बघत होता.

"वाटणी मागायला आलीस व्हय गं आक्का? ती पण पिशवीतनं?"

"आज येवढीच. बाकीची उद्या न्हेते," म्हटलं.

पुन्हा पेटी भरली, पुन्हा चार मुंग्या सोडल्या. रात्रभर मला झोप नाही. ही राणी मेली तर दुसरी मिळेपर्यंत वर्ष जाणार, आणि आमच्या वयात वर्षाचा भरवसा कोण देणार. सकाळी चारही धावत होत्या. त्यांना अंगणात सोडलं, नळी पेटीत ठेवली आणि तिच्या तोंडाचा कापूस काढला.

तासभर काही नाही. मालक गुडघे धरून बसलेले. मग एक मुंगळा बाहेर आला, मातीवर मिशा फिरवल्या, परत आत गेला. मग तिघं आले. मग एकाने तोंडात अंडं धरून आणलं आणि शेवाळाखाली नेलं.

"आवं, बघा की!" मी त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

शेवटी राणी निघाली. जाडजूड, सावकाश, कसलीच घाई नसलेली. नेच्याच्या मुळाशी थांबली आणि पायांनी माती उकरायला लागली.